सोजराबाईचा स्फटिक

साखऱ्याच्या शिवारातली कोणतीही जुनी विहीर दाखवा. ती कोणाची, हे गावातलं कोणीही सांगेल. तिच्या पोटात काय आहे, हे सोजराबाई पाईकराव सांगेल. वर मुरूम किती होता, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक कुठून लागला, लाल गेरूचा पट्टा आडवा गेला की तिरपा, काळा पाषाण कुठं सुरू झाला. सांगताना ती विहिरीत डोकावतही नाही. तिनं ती विहीर आपल्या हातांनी बादली-बादली करून वर पाठवलेली असते.

नवरा मुंजाजी विहीर खोदणाऱ्या टोळीचा मुकादम होता. तो पहार धरायचा, घण मारायचा, सुरुंगाची भोकं पाडायचा. सुरुंग उडून धूर निवला की बायका खाली उतरायच्या आणि फुटलेला दगड वर ओढणाऱ्या यारीच्या मोठ्या बादलीत भरायच्या. भरण्याचं काम सोपं, असं ज्यानं कधी भरलं नाही तो म्हणतो. मोठा दगड तळाला, लहान त्याच्या फटीत, चुरा वरून. उलटं भरलं की बादली हेलकावते आणि सुटलेला दगड खालच्याच्या टाळक्यात येतो. सोजराबाईनं भरलेल्या बादलीतून कधी दगड सुटला नाही. ही गोष्ट ती आजही मान ताठ करून सांगते. सांगावीच अशी ती आहे.

दगड ओळखायची सवय तिला पुस्तकानं लागली नाही, बोटांनी लागली. काळ्या खडकातून पांढरं निघायचं ते मुख्यतः तीन तऱ्हांचं. एक गार, म्हणजे आपली गारगोटी. ती फुटली की काचेसारखी, वेडीवाकडी. धार अशी की आधी रक्त दिसायचं आणि मग दुखायचं. तिच्यावर पहारीचं टोक बसलं की ठिणगी उडायची. दुसरा दगड केसाळ. मांजऱ्या खडकाच्या भोकांत बारीक पांढऱ्या सुयांचे झुबके असायचे, हात लागला की सुया बोटात रुतायच्या आणि घरी उजेडात बसून एकेक काढावी लागायची. तिसरा दगड तिरपा. तो फुटला की त्याच्या तिरप्या विटा व्हायच्या. वीट फोडली तरी तुकडे तसेच तिरपे, तशाच सपाट अंगाचे. हा बिचारा कोणाला कापत नव्हता, टोचत नव्हता. म्हणून त्याच्याकडं कोणी पाहतही नव्हतं.

टोळीत नवी बाई आली की सोजराबाई तिला पहिल्याच दिवशी बजावायची, "नुसत्या डोळ्यावर जाऊ नको. चमकतं ते सगळं सारकंच दिसतं. आदी हातात घे, मंग बोल."

वसराम नावाच्या शेतकऱ्याची विहीर चालू होती. सोजराबाईची लेक शीतल तेव्हा गावातल्या शाळेत होती. गेरूच्या पट्ट्याखाली सुरुंग उडाला आणि खडकात डोकं जाईल एवढी पोकळी उघडी पडली. आत चिखल होता. सोजराबाईनं खांद्यापर्यंत हात घातला, चाचपलं आणि नारळाएवढा एक दगड सावकाश फिरवत बाहेर काढला. साठलेल्या पाण्यात बुडवला, चिखल गेला, आणि तिच्या तळहातावरच्या रेषा तिला त्या दगडातून दिसल्या.

वरून वसराम ओरडला, "काय सापडलं गं बाई?"

"पाणी गोठलंया, बघ!"

"मला पातळ पाणी पायजे. गोठलेलं तुझं तू ने."

त्या संध्याकाळी ती दगड घेऊन विहारात गेली. विहार म्हणजे तेव्हा चार खांब आणि वर पत्रे. बाया-माणसं जमली होती. दगड हातोहात फिरला. तातेरावनं तो डोळ्याला लावून मेणबत्तीची ज्योत पाहिली. शेजारच्या जिवनबाईनं दोनदा मागून घेतला. सोजराबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "पक्का विहार होईल तवा ह्यो त्यात बसवायचा. तवर माह्याकडं अमानत."

बोलली ते बोलली. पुढं खेडोपाडी असले दगड विकत घेत हिंडणारा एक माणूस मोटारसायकलवरून तिच्या दारात आला. कोणीतरी त्याला घर दाखवलं होतं. त्यानं बरंच गोड बोलून पाहिलं. तिनं त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. दगड त्याला दाखवलाही नाही. पण मोटारसायकल दारात उभी होती, ती गल्लीनं पाहिली. वाटेला लावलेलं कोणी पाहिलं नाही.

दगड लोखंडी पेटीत, पांढऱ्या फडक्यात राहिला. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सोजराबाई पितळेचा तांब्या, ग्लास, मेणबत्त्यांची घरं चिंचेनं घासायची. पितळ सोन्यासारखं व्हायचं. मग त्याच चिंचेत ती दगडही चांगला चोळायची, कारण विहारात जायची वस्तू पितळेपेक्षा कमी स्वच्छ कशी ठेवायची? वरून पाणी ओतायची. दगड लखलखायचा. ओला असतानाच फडक्यात गुंडाळून पेटीत. वर्षाची वर्षं हा नेम तिनं मोडला नाही. आजारी असली तरी उठून केला.

यंदा पक्का विहार उभा राहिला. भिंती झाल्या, छत पडलं, फरशी बसली. तातेराव आता समितीचा अध्यक्ष होता. रविवारी वंदना झाल्यावर त्यानं सांगितलं, "सोजरावैनी, आना आता तुमची वस्तू. उंबऱ्याच्या पायरीत मधोमध बसवू."

ती नवं लुगडं नेसून दगड घेऊन आली. तातेरावनं फडकं सोडलं आणि त्याचे हात जागीच थांबले. आत दगड होता, पण पांढुरका, धुरकट. अंघोळीच्या साबणाची वडी झिजल्यावर दिसते तसा.

"वैनी, ह्यो त्योच का?"

"मंग दुसरा कोन्ता आसंल?"

"न्हाई... त्यातून आरपार दिसत व्हतं. मी सोता पाह्यलं व्हतं."

जिवनबाई मागून म्हणाली, "व्हय की. आमाला तर मोटारसायकलवाला बी दिसला व्हता."

दोघी-तिघी फिसकन हसल्या.

"जिवने, तोंड सांभाळून."

"मी काय म्हनलं गं? दगड बदलला म्हनलं का? दगड म्हातारा झाला म्हनते. आपन न्हाई का झालो?"

आता मात्र सगळेच हसले. तातेराव हसला नाही, पण त्यानं फडकं पुन्हा बांधलं आणि अगदी अदबीनं दगड तिच्या हातात दिला. "सद्या घरीच ठिवा वैनी. मिटिंगमदी बघू."

जिवनबाईचं बोलणं टोचलं होतं. तातेरावची अदब त्याहून जास्त टोचली.

मुंजाजी ओट्यावर बसला होता. जन्मभर सुरुंगाजवळ काढल्यानं त्याचे कान गेले आहेत. त्यानं विचारलं, "काय म्हनले?"

"घेतला न्हाई."

"आं?"

"इकला म्हनले! आसली दगड इकून नकली आणला म्हनले!"

हे गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. मुंजाजी ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "तुला म्हनले? तुला?" आणि आत जाऊन आपली काठी शोधू लागला. तिनं त्याला धरून बसवलं.

ती आठवडाभर विहारात गेली नाही. दगड रोज पेटीतून काढून पाहायची आणि ठेवायची. तिचं तिलाच कोडं होतं. पेटीला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात होती. दगडाचा आकार तोच, एका बाजूची खोक तीच. मग त्यातलं पाणी गेलं कुठं?

शनिवारी शीतल आली. ती सेनगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जीपमधून उतरून घरात येईपर्यंत तिला वाटेतच दोघींनी बातमी सांगितली होती. तिनं पर्स ठेवली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "माय, दगड आण."

दगड पाटावर ठेवला.

"हा कशाचा आहे?"

"गार हाय. सफेद गार."

"कशावरून?"

"आरपार चमकत व्हता की."

"चमकतं ते सगळं गार असतं का?"

सोजराबाईनं लेकीकडं पाहिलं. टोळीतल्या बायकांना जे ती बजावत आली, तेच लेकीनं तिला विचारलं होतं. एवढ्या वर्षांत या एका दगडाला तिनं कधी पारखलं नव्हतं. कोणी देवासारखी वस्तू ठोकून बघतं का?

शीतल म्हणाली, "मी काही दगडांची मास्तरीण न्हाई, माय. पण पारखायची रीत एकच असते. आधी कठीण किती ते बघू. नख लाव."

सोजराबाईनं अंगठ्याचं नख जोर देऊन ओढलं. दगडावर काही उठलं नाही.

"म्हणजे अगदी मऊ न्हाई. आता तांबं."

मुंजाजीच्या डब्यात जुना तांब्याचा पैसा होता. त्याची कड घासली. जेमतेम एक बारीक रेघ उठली, बोट फिरवलं तर लागेल न लागेल अशी. सोजराबाईच्या कपाळाला आठी पडली.

"आता पोलाद."

मुंजाजीची छिन्नी आली. सोजराबाईनं ती दगडाच्या खालच्या अंगाला टेकवून नेहमीच्या हातानं ओढली. पांढरी चरचरीत रेघ पडली आणि पीठ सांडलं. तिनं छिन्नी खाली ठेवली. अंगणातून एक खरी गारगोटी आणली आणि तिच्यावर तीच छिन्नी ओढली. गारगोटीवर ओरखडा नाही. उलट लोखंडाचा करडा पट्टा तिच्यावर उमटला. छिन्नीच झिजली होती.

"गार न्हाई ह्यो," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"थांब. संपलं न्हाई." शीतलनं लिंबू कापलं आणि ओरखड्याच्या पिठावर दोन थेंब पिळले. पांढऱ्या रेघेवर बारीक बुडबुडे फसफसले. दोघी डोकं डोक्याला लावून पाहत राहिल्या. मुंजाजीनंही मध्ये डोकं घातलं.

"कॅल्साइट," शीतल म्हणाली. "चुन्याच्या कुळातला. आंबट लागलं की ह्याचं अंग विरघळतं अन् वायू निघतो. गारीला लिंबानं काही होत न्हाई."

"आंबट लागलं की?"

"व्हय."

"चिंच बी?"

"चिंचही. काहून?"

 सोजराबाई उठली, तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि दगडावर ओतलं. दगड क्षणात पाण्यासारखा झाला. पाटाच्या लाकडातल्या रेघा त्यातून दिसू लागल्या.

"त्योच हाय की!" मुंजाजी ओरडला.

ती थांबली. पाणी ओघळलं, दगड सुकत गेला आणि हळूहळू पुन्हा साबणासारखा झाला. तेव्हा तिला सगळं कळलं. दरवर्षी तिनं दगड पाहिला तो ओला. ओला असतानाच गुंडाळला. ओल्या अंगाचा खरखरीतपणा पाणी झाकून टाकायचं. पेटीतून काढला की तो थेट चिंचेत जायचा, म्हणून या आठवड्याआधी कोरडा दगड तिनं नीट असा पाहिलाच नव्हता. आणि दर पौर्णिमेला तीच त्याची कातडी चिंचेनं खात होती.

"मीच केलं गं," ती म्हणाली.

"माय, तू स्वच्छ केला. त्यात गुन्हा काय? वरचा पातळ थर खरबरीत झालाय, एवढंच. आत तसाच असणार. हिंगोलीत पॉलिश करून आणू."

"न्हाई." हे मात्र नेहमीच्या आवाजात आलं. "चकचकीत करून नेला तर म्हनतील, आता तिसरा आनला. तितंच फोडते. समद्यांच्या समोर."

शीतल घाबरली. "घाव चुकला तर सगळाच तडकेल."

"माह्या हातानं तडकला तर तडकला. त्यांच्या तोंडानं तडकलेला मला चालायचा न्हाई."

शीतलनं तिचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. उलट आपल्या मोबाइलवर कॅल्साइटची चित्रं काढून दाखवली. तिरप्या विटा. सोजराबाई पाहतच राहिली. "आगं, ह्याला मी वळखते की! ह्यो तर माह्या हातून ढिगानं गेलाय." बादल्या भरताना ज्याच्याकडं कोणी पाहत नव्हतं तोच तिसरा दगड पेटीत मानानं बसला होता. ती एकटीच हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पण दगड ओळखला म्हणजे घाव साधला असं नाही. सोमवारपासून ती रोज सकाळी वसरामच्या विहिरीवर जाऊ लागली. तिथं काढलेल्या दगडांचा ढीग अजून पडला आहे. त्यातले तिरपे दगड वेचायचे, मांडीखाली पोतं घ्यायचं आणि फोडत बसायचं. पहिले दगड भुगा झाले. तिचा हात विहिरीच्या सवयीचा होता, घाव जड पडत होता. या दगडाला जोर नको, दिशा हवी. दगड ओला केला की आत पुसटशा तिरप्या रेषा दिसतात. छिन्नीची धार त्या रेषेवर नेमकी टेकवायची, मनगट सैल सोडायचं आणि हातोडी ठेवल्यासारखी टाकायची. नेम बसला की टक् असा हलका आवाज येतो आणि दगड आपणहून सरकतो. नेम चुकला की कर्र असा आवाज. ती आवाजावरून शिकली. बोट चेचलं, त्याला चिंधी बांधली. वसराम काठी टेकत येऊन म्हणाला, "काय शोधून राहिली म्हातारे, आजून गोठलेलं पानी?" ती म्हणाली, "जागा दे, उजेड आडवू नको." मुंजाजीनं छिन्नीला अशी धार लावून दिली की तिनं केस कापला असता. मागेल तेवढ्याच जाडीची पाटी निघू लागली, तेव्हाच तिनं ढीग सोडला.

रविवारी वंदना संपली. कोणी उठायच्या आत सोजराबाई पुढं गेली. पोतं अंथरलं, दगड ठेवला, छिन्नी काढली.

तातेराव गडबडला. "वैनी, हे काय करून राहिल्या?"

"तुमी बघू म्हनले व्हते ना मिटिंगमदी? मिटिंग बसलीच हाय. बघा."

तिनं दगडावर पाणी शिंपडलं, डोळे बारीक करून आतली रेषा शोधली आणि छिन्नी टेकवली. शीतल भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या मुठी आवळल्या होत्या. सोजराबाईनं हातोडी उचलली, खाली घेतली, छिन्नी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवली आणि मग घाव टाकला.

टक्.

दगडाचं एक अख्खं तोंड सरकून पोत्यावर पडलं. जिथून ते सुटलं तिथं काचेच्या तावदानासारखं स्वच्छ, सपाट अंग उघडं झालं. खिडकीतला उजेड त्यात शिरला आणि पार तळाशी जाऊन चमकला. कोणीतरी "आरे बाप!" म्हणालं. पडलेली जाड पाटी तिनं उभी धरली, दुसऱ्या घावानं तिची धुरकट साल काढली आणि ती तिरपी, नितळ वीट तातेरावच्या हातात ठेवली.

तातेरावनं ती आपल्या चष्म्याच्या छापील कागदी पाकिटावर ठेवली. मान मागं घेतली, पुन्हा पुढं केली. "मला दोन दिसून राहिलं. आक्षर एक अन् दिसून राहिले दोन."

शीतल म्हणाली, "चष्म्याचा दोष न्हाई, काका. कॅल्साइटमधून असंच दिसतं. ही त्याची ओळख. काचेतून न्हाई दिसत, गारीतून असं डोळ्याला न्हाई दिसत."

मग त्या विटेसाठी झुंबड उडाली. जिवनबाईनं आपलं बोट खाली धरून पाहिलं, रेघा दोन दिसल्या. पण ती हार मानणारी नव्हती. "आतून साफ निघाला, मान्य. मंग वरून म्हातारा कसा झाला, ते सांग की."

"सांगत न्हाई. करून दावते." सोजराबाईनं ती नितळ वीट परत घेतली. पदराच्या गाठीतून चिंच काढली, वाटीत कोळली आणि विटेच्या अर्ध्या अंगावर नीट थापली. "ह्ये मी दर पुनवेला करत आले. ज्याला घाई आसंल त्यानं जावं."

कोणी गेलं नाही. चहा झाला. लोक विटेभोवती वाकून पाहत होते. तातेरावनं दोनदा "आता काढा" म्हटलं, तिनं काढली नाही. अर्धवट काम दाखवणं तिला माहीत नाही. आपल्या मनाला पटलं तेव्हाच तिनं वीट धुतली, कोरड्या फडक्यानं खडखडीत पुसली आणि उजेडात धरली. चिंच लागलेली अर्धी बाजू धुरकट झाली होती. उरलेली अर्धी तशीच नितळ. मधे सरळ हद्द.

 जिवनबाईनं वीट हातात घेतली, बोटानं हद्द चाचपली. मग म्हणाली, "सोजरे, मी माह्या घरची पितळंबी चिंचंनच घासते. तुह्या जागी मी आसते तर मी बी हेच केलं आसतं." एवढं बोलायला तिला बरेच कष्ट पडले, ते दिसत होते. सोजराबाईनं मान हलवली. तिच्यापुरतं ते पुरेसं होतं.

तातेराव जवळ येऊन हळूच म्हणाला, "वैनी, आमचं चुकलं."

"आसं हळू न्हाई. हसले तवा मोठ्यानं हसले."

"मी नवतो हसलो."

"तुमी फडकं बांधून दिलं. त्ये हसण्यापरीस वाईट. ह्यान्ला ऐकू गेलं पायजे." तिनं मुंजाजीकडं बोट दाखवलं. तो मागं खांबाला टेकून, कानाला हात लावून बसला होता.

तातेरावनं घसा साफ केला. "मुंजाजीदादा, आमचं चुकलं!"

"आं?"

"आमचं चुकलं! दगड त्योच हाय! वैनीनं दगडाला बोट लावलं न्हाई!"

"बोट कसं न्हाई लावलं?" मुंजाजी खेकसला. "दर सालाला घासत व्हती की!"

सगळा विहार हसला, आणि या वेळी सोजराबाईही हसली. मग तातेरावनं पुन्हा, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की सोजराबाईनं शब्द पाळला, दगड जसा नेला तसा आणला आणि संशय घेणारा मूर्ख ठरला. मुंजाजीला ऐकू गेलं. त्यानं मान डोलावली आणि आजूबाजूला पाहून घेतलं, बाकीच्यांनी ऐकलं की नाही ते.

"मंग उद्याच उंबऱ्यात बसवू," तातेराव म्हणाला.

"उंबऱ्यात न्हाई."

"आता काय झालं?"

"गार आसती तर उंबऱ्यात बसवली आसती. ह्यो मऊ हाय. पायाखालची रेती म्हंजे बारीक गारच, ती ह्याला सालाभरात खाऊन टाकील. भिंतीत बसवा, पूर्वंच्या खिडकीशेजारी, हात सहज पोचनार न्हाई पन नजर पोचंल तितं." शीतलला काही बोलायची गरज पडली नाही. तिनं फक्त मान हलवून होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी रविंद्र आला. सोजराबाई त्याच्या आधी येऊन बसली होती. तिनं कोनाडा आतून पुसून घ्यायला लावला, सिमेंट पातळ झालं म्हणून पुन्हा कालवायला लावलं, आणि दगडाचं उघडं तोंड खिडकीकडं कसं वळवायचं ते हातानं दाखवलं.

"अन् ऐक. फरशी धुवायचं ॲसिड ह्या भिंतीजवळ आनलं तर तुलाच त्यानं धुते. चिंच तर न्हाईच न्हाई, लिंबू न्हाई. कोरडं फडकं, बस."

"व्हय आजी."

त्यानं दगड बसवला आणि मागं सरकून पाहिलं. सोजराबाईनंही पाहिलं.

"डाव्या अंगाला कलला. काढ."

"आजी, सुताएवढा फरक हाय. कोनाला दिसतंय?"

"मला दिसतंया. काढ अन् परत बसव."

रविंद्रनं तोंड वाकडं केलं, पण दगड काढला. सिमेंट खरवडलं, ओळंबा लावला, पुन्हा बसवला. खिडकीतून ऊन आलं आणि दगडाच्या पोटात शिरून, परतून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडलं. सोजराबाईनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही, म्हणजे काम बराबर झालं होतं. रविंद्रनं थापी धुतली आणि जेवायला गेला. ती गेली नाही. सिमेंट धरेपर्यंत ती दगडाखाली पाय पसरून बसून राहिली, आणि विहारात जो येईल त्याला हात लावू देत नव्हती.